डेबूजीच्या घरावरचे कर्ज

२० डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेली आपली माणसे घरी पोचून जरा सावरतात न सावरतात, तोच हा दुसरा दिवस येतो. १९५६ च्या त्या डिसेंबरात आधी बाबासाहेब गेले आणि अवघ्या चौदा दिवसांनी गाडगेबाबा. मागच्या वर्षी या दिवशी आम्ही मेळघाटात, सेमाडोहला होतो. तिकडे शिक्षक असलेल्या आमच्या एका मित्राने मुलांपुढे बाबांवर चार शब्द बोलायला बोलावले होते.

अमरावतीहून परतवाड्याच्या एसटीत बसले की वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. आजारी बाबांना मोटारीतून अमरावतीला नेत असताना याच पुलाजवळ त्यांचे प्राण गेले. परतवाड्याच्या पुढे घाट सुरू होतो, सागाचे जंगल लागते आणि मग सिपना नदीच्या काठचे सेमाडोह. पर्यटक येथे वाघ पाहायला येतात. आम्ही मात्र वेगळ्याच काळजीत होतो. खरे सांगायचे तर आमच्यात आणि या मित्रात दोन वर्षे नीट बोलणे नव्हते. त्याला आम्ही काही रक्कम हातउसनी दिली होती. ती वेळेवर आली नाही, मग त्याने फोन घेणे सोडले आणि आम्हीही जयंतीच्या कार्यक्रमात समोर दिसला तर दुसरीकडे पाहू लागलो. हे निमंत्रणसुद्धा दुसऱ्याच्या तोंडी निरोपाने आले होते.

सकाळी मुलांपुढे आम्ही झाडू सांगितला, खापर सांगितले, कीर्तन सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रात्री जेवणे झाल्यावर मित्राच्या पत्नीने एक वही आणून आमच्यापुढे ठेवली. घराचे बँकेचे कर्ज, बहिणीच्या लग्नाचे पतसंस्थेचे, वडिलांच्या दुखण्यात मोडलेले सोने, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला घेतलेला हॉल आणि जेवणावळ, आणि त्यानंतर नुसती नावांची रांग. बहिणीच्या नवऱ्याचेही पैसे अडकलेले, म्हणून दोन दिवाळ्या मित्र बहिणीच्या दारी गेला नव्हता. पगार दर महिन्याला येत होता आणि तीन दिवसांत जात होता. सकाळी मुलांना सांगितलेले गाडगेबाबा या वहीपुढे काही कामाचे नव्हते. तेव्हा रात्री आम्ही मित्राला दुसरे गाडगेबाबा सांगितले, गाडगेबाबा होण्याच्या आधीचा डेबूजी. तोच येथे वाचकांपुढे ठेवतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. जात परीट. बाप झिंगराजी दारूच्या नादी लागला. देवाला नैवेद्य दारूचा, पाहुण्याला मान दारूचा, पंचांना दंड दारूचा, अशी ती रीत होती. एकट्या झिंगराजीला दोष देऊन काय उपयोग? घरदार गेले आणि बापही गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली. ते गाव दापुरे, मूर्तिजापूर तालुक्यातले. आजा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांची तेथे चांगली शेती होती. डेबू आधी गुरांमागे गेला, मग नांगरामागे. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही, पण वावरातल्या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी राहिला नाही.

या मामाच्या घराला सावकाराचे कर्ज होते आणि ते कसे वाढले हे नीट समजून घेतले पाहिजे. काळी जमीन, कापसाचे पीक, मूर्तिजापूरला रेल्वे, म्हणजे वऱ्हाडात पैसा खेळत होता असे इतिहासाची पुस्तके सांगतात. खेळत होता हे खरे, पण कोणाच्या वहीत? पेरणीच्या वेळी सावकार पैसा द्यायचा, कागदावर अंगठा घ्यायचा. माल निघाला की तो सावकाराच्या दारी जायचा, भाव सावकार ठरवायचा, वजन त्याच्याच काट्यावर व्हायचे. पावती कोणी द्यायचे नाही आणि कोणी मागायचेही नाही. मागणे म्हणजे अविश्वास! जमा किती, बाकी किती, हे ज्याला वाचता येते त्यालाच ठाऊक. राहिलेले व्याज मुद्दलात मिसळून पुन्हा त्यावर व्याज. डेबूजीच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जाचे कागद जाळले होते. त्यानंतर १८७९ चा कायदा आला, पण तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाडातला कुणबी, माळी, परीट, महार त्या कायद्याच्या बाहेरच राहिला. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या आसूडात हेच दुखणे मांडले. अंगठा आणि वही यांच्यामधले अंतर हीच खरी सावकारी होती.

चंद्रभान मामा सरळ माणूस. आपण माल घालतो आहोत, म्हणजे कर्ज फिटते आहे, असा त्याचा समज होता. एक दिवस सावकाराने बाकी काढली तेव्हा ती जमिनीच्या किमतीएवढी निघाली. जमीन हातची चालली हे मामाला सहन झाले नाही. त्या धक्क्याने त्याने अंथरूण धरले आणि तो पुन्हा उठला नाही. आज आपण ज्याला शेतकरी आत्महत्या म्हणतो तिच्या यादीत असे मरण बसत नाही. पण कर्जाने माणूस मारायची ही जुनीच रीत आहे, आणि हा जिल्हा तिला चांगला ओळखतो.

मामाच्या मागे घरात म्हातारी माणसे, मामी, तिचे लेकरू, स्वतःची आई, आणि १८९२ साली लग्न होऊन आलेली कुंताबाई. एवढ्या माणसांच्या मध्ये विशीतला डेबूजी कर्ता म्हणून उभा राहिला. कर्ज त्याचे नव्हते. त्याने ते काढले नव्हते, त्याचा त्यावर अंगठा नव्हता, ते घर तरी त्याचे कुठे होते? भाच्याला हात वर करता आले असते. त्याने केले नाहीत. लहानपणापासून ज्या घराची भाकर खाल्ली त्या घराचे देणे ते आपले देणे, असे त्याने धरले. शेतातले कष्ट एवढेच त्याच्याजवळ भांडवल होते. ते त्याने मोजमाप न ठेवता घातले.

पण राबणे म्हणजे मुकाट सोसणे, असा त्याचा हिशेब नव्हता, आणि हे आमच्या मते फार महत्त्वाचे आहे. चरित्रकार सांगतात की सावकाराची माणसे जमिनीचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी नांगरावर होता आणि तो नांगर सोडून हटला नाही. मारहाणीला आलेल्यांना त्याने पिटाळून लावले. त्या काळात सावकारासमोर मान वर करणे हेच बंड होते. अखेर सावकारालाच तडजोडीला यावे लागले आणि काही जमीन घरात राहिली. जे देणे खरे आहे ते फेडायचे, जे खोट्या वहीतून उगवले आहे त्यापुढे वाकायचे नाही, हा फरक एका निरक्षर तरुणाने केला. आम्ही शिकलेली माणसे हप्त्याचा कागद न वाचता सही करतो, आणि वसुलीवाला दारात मोठ्याने बोलला की खऱ्याखोट्याचा विचार सोडून शेजाऱ्याकडून उसने आणून देतो.

यानंतरचा प्रसंग आहे मुलीच्या बारशाचा. बारसे म्हणजे जातीची पंगत, पंगत म्हणजे बोकड आणि दारू. कर्जातून आत्ता कुठे मान वर काढलेल्या घराने पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जावे, अशीच ती चाल होती. गेला नाही तर नाक कापले जाणार! डेबूजीने मांस दिले नाही, दारू दिली नाही. गोडाचे साधे जेवण घातले. जातभाई नाराज झाले, रुसले, बोलले. सगळे जण या प्रसंगाकडे दारूबंदी किंवा जीवदया म्हणून पाहतात. आम्हाला त्यात कर्जफेडही दिसते. सावकाराला नांगरावरून नाही म्हणणे एक वेळ सोपे आहे, तो परका असतो. मामे, मावसे, सोयरे, व्याही यांना पंगतीत नाही म्हणणे कठीण, कारण उद्या त्यांच्याच दारी जायचे असते. कर्ज वाढते ते बहुतेक याच दारातून. आणि त्या नकारानंतर पाणवठ्यावर, लग्नाकार्यात, सोयऱ्यांच्या बोलण्यात टोमणे कोणी ऐकले असतील? पुरुष वावरात निघून जातो. सखूबाईंनी आणि कुंताबाईंनीच ते ऐकले असणार, असे आम्हाला वाटते. चरित्रांत त्यांच्या वाट्याला ओळी थोड्या येतात.

आपल्या वाचकांना येथे जरा टोचणारे लिहितो. आपण १९५६ ला देव सोडले, सत्यनारायण सोडला, तेरवीचे पिंड सोडले. पंगत मात्र सोडली नाही. मंगल परिणयाला हॉल तोच, डीजे तोच, आहेराची पद्धत तीच, फक्त समोर बुद्धमूर्ती. मित्राच्या वहीत वाढदिवसाचा जो आकडा होता तो त्याने देवाला भिऊन खर्च केला नव्हता. स्टाफ काय म्हणेल याला भिऊन केला होता.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजीने घर सोडले. वय अठ्ठावीस. हा प्रसंग सांगताना कीर्तनकार सिद्धार्थाच्या गृहत्यागाची आठवण देतात आणि पुढे सरकतात. आम्हाला इतक्या चटकन पुढे जाता येत नाही. ज्या माणसाने परक्या घराचे देणे अंगावर घेतले, त्याने स्वतःच्या बायकोचे आणि लेकरांचे देणे कोणावर टाकले? कुंताबाईंवर. दोन मुली, दोन मुलगे झाले. दोन्ही मुलगे अकाली गेले. १९२३ साली गोविंदाच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. लोक याला वैराग्य म्हणतात. तिकडे आईने काय केले असेल ते कोणी कीर्तनात सांगत नाही. बाबासाहेब १९२० साली नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन पुन्हा लंडनला गेले तेव्हा इकडे माता रमाईंनी काटकसरीने घर ओढले, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. रमाईंवर गाणी झाली. कुंताबाईंचे नाव वऱ्हाडातही फार थोड्यांना माहीत आहे. गाडगेबाबांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण ते कोणाच्या जमाखर्चातून उभे राहिले हे लिहून ठेवले पाहिजे.

घर सोडल्यावरचा डेबूजी मात्र एका बाबतीत तोच राहिला. फुकट घ्यायचे नाही. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, नाली उपसायची, कोणाची लाकडे फोडायची, मग भाकर मागायची, तीही फुटक्या गाडग्याच्या खापरात. अंगावर चिंध्या. जेवणाचे देणे जेवणाआधीच फेडलेले असायचे! साधू म्हणून पाया पडायला आलेल्याला ते पाया पडू देत नसत. नमस्कारही त्यांना उधारीसारखा वाटत असावा.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे, अमरावती जिल्ह्यातच. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीत बुडी मारली की ऋणातून सुटका, अशी श्रद्धा गावाच्या नावातच आहे. यात्रेकरू चिखलात घसरायचे, पडायचे आणि तरी बुडी मारून मोकळे व्हायचे. डेबूजीने त्या चिखलाच्या वाटेवर माती टाकायला सुरुवात केली. त्याचे पाहून लोक कामाला लागले, पुढे तेथे घाट झाला. कर्ज पाण्याने धुऊन निघावे म्हणून जमलेल्या माणसांच्या गर्दीत, मामाचे कर्ज घामाने फेडलेला एक माणूस घमेले घेऊन उभा होता. हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो.

पुढच्या पन्नास वर्षांत बाबांनी कीर्तनातून जे सांगितले त्यात कर्ज हा विषय सतत येतो. त्यांची पद्धत प्रश्न विचारण्याची. समोरच्या बायाबापड्यांकडून ते उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातच माणूस आपोआप अडकत असे. लग्नासाठी कर्ज काढू नका, तीर्थाला जायला काढू नका, नवसाच्या बोकडाला काढू नका. वाटल्यास भांडी विका, लुगडे हलके नेसा, पाहुण्याला साधे जेवू घाला, पण पोराला शाळेत घाला. हे सांगणाऱ्याला स्वतःला वाचता येत नव्हते. चंद्रभान मामाचा अंगठा ज्याने पाहिला त्याला शाळा म्हणजे काय हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

त्यांच्या नावावर धर्मशाळा उभ्या राहिल्या, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. लाखोंच्या देणग्या त्यांच्या शब्दावर आल्या. त्या पैशांवर विश्वस्त नेमले आणि आपल्या कुटुंबाचा त्यात कसलाही हक्क नाही हे ठरवून टाकले. घरची माणसे झोपडीत राहिली. आजकाल संस्था काढणारे पहिल्या वर्षी अध्यक्ष होतात, दुसऱ्या वर्षी बायकोला सचिव करतात, त्यांच्याविषयी येथे न लिहिलेले बरे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या चोखोबाला मंदिराच्या पायरीपाशी थांबवले त्याच्या नावाची वास्तू शिक्षणाच्या कामाला गेली. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला कॉलेज काढले त्याला बाबांचे नाव आहे. २००५ साली अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. सरकारने बाबांचा झाडू उचलला आणि कर्जाची गोष्ट कीर्तनातच राहू दिली. झाडूने कोणाचे हितसंबंध दुखत नाहीत.

सेमाडोहच्या आसपास आमचे कोरकू बांधव राहतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की दुकानदाराची वही उघडते, आणि ती मिटवायला माणसे खाली मैदानात सोयाबीन काढायला, संत्र्याच्या बागांत, वीटभट्ट्यांवर जातात. सावकाराने गिळलेल्या जमिनीसाठी आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम आहे. मागच्या पंधरा वर्षांत सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत मागण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. गटाला कर्ज वाटणाऱ्या, आठवड्याची किस्त घेणाऱ्या कंपन्यांचे मात्र वेगळे आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे त्याच वर्षीचे नियम आहेत. कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम सगळ्या हप्त्यांत मिळून जाता कामा नये, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता कामा नये. हे नियम कोरकूत कोणी सांगत नाही, मराठीतही फारसे सांगत नाहीत. अंगठा गेला, सही आली. वही अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

रात्री बराच वेळ गेला होता. मित्राने कोरे पान काढले आणि नवरा-बायकोने मिळून सगळी देणी पुन्हा लिहिली, या वेळी तारखेसह. बँक आणि पतसंस्थेचे हप्ते पगारातून जात होते, त्यांची चिंता नव्हती. भांडण होते ते नावांच्या रांगेचे. त्याचे म्हणणे, जो जास्त ओरडतो त्याचे आधी द्यावे. पत्नीचे म्हणणे, जी ओरडत नाही तिचे आधी. पत्नीचे चालले. सर्वांत वर बहिणीचे घर आले. मुलाचा पुढचा वाढदिवस घरात, खिरीवर करायचा ठरला, आणि स्टाफला काय सांगायचे यावर दोघे पुन्हा थोडे भांडले. आमचे नाव त्याने तिसरे लिहिले होते. आम्ही ते खोडायला लावून शेवटी लिहवून घेतले. त्यावर तो काही बोलला नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

सकाळच्या एसटीने आम्ही परतवाड्याला उतरलो. जून महिन्यात मित्राचा फोन आला. आदल्या रविवारी तो बहिणीकडे जाऊन आला होता, अर्धी रक्कम देऊन, दुपारी तिथेच जेवून. दोन वर्षांनी भाच्यांनी त्याला ओळखले की नाही हेच तो बराच वेळ सांगत राहिला. यादीत पुढचे नाव त्याच्या चुलत्याचे आहे. आमचा नंबर यायला अजून अवकाश आहे.